अल्ट्राफ्यूज ३१६एल: प्रिंटर साधा चालतो, भट्टी साधी चालत नाही

अल्ट्राफ्यूज ३१६एल म्हणजे थ्रीडी प्रिंटरवर स्टेनलेस स्टीलचे भाग करायची तार, अर्थात फिलामेंट. तिचं रीळ मागवण्याआधी भट्टीवाल्याला फोन करा. क्रम उलटा वाटेल, पण या फिलामेंटची खरी परीक्षा भट्टीतच होते. छपाईचं काम कुठलाही बरा एफडीएम (तार वितळवून थर रचणारा) प्रिंटर करतो. मात्र प्रिंटरमधून जे निघतं ते स्टील नसतं. स्टेनलेसची बारीक पावडर प्लास्टिकने धरून ठेवलेला तो एक करडा, हाताला जड लागणारा भाग असतो. धंद्यात त्याला ग्रीन पार्ट म्हणतात. त्यातलं बहुतेक प्लास्टिक नायट्रिक आम्लाच्या वाफेत काढून टाकायचं (डिबाइंडिंग), मग उरलेली पावडर हायड्रोजनमध्ये १३८० अंश सेल्सियसला तापवून एकजीव करायची (सिंटरिंग), तेव्हा कुठे ३१६एल हातात येतं. ही दोन कामं करणारी जागा हाताशी नसेल, तर रीळ कपाटातच पडून राहील.

कल्पना नवी नाही. मेटल इंजेक्शन मोल्डिंगसाठी (एमआयएम, म्हणजे प्लास्टिकमध्ये कालवलेली धातूची पावडर साच्यात दाबायची पद्धत) जर्मन रसायन कंपनी बीएएसएफने कॅटामोल्ड नावाचा कच्चा माल फार पूर्वी बाजारात आणला. पॉलिअ‍ॅसिटलमध्ये धातूची पावडर मिसळायची आणि आम्लाच्या वाफेने ते पॉलिअ‍ॅसिटल फोडून काढायचं, अशी ती पद्धत. अल्ट्राफ्यूज म्हणजे त्याच घराण्यातला माल तारेच्या रूपात. एमआयएम करणाऱ्या कारखान्यांना यातलं काहीच अनोळखी वाटणार नाही. प्रिंटरवाल्यांना मात्र निम्मी प्रक्रिया नवी आहे, आणि नुकसान होतं ते याच निम्म्यात.

आधी रीळ. ३ किलोचं रीळ हातात घेतलं की वाटतं, पुष्कळ आहे. नाही. १.७५ मिमीची तार जेमतेम २५० मीटर भरते. ग्रीन अवस्थेत घनता ५ ग्रॅम प्रति घन सेंमी धरली तर आकारमान ६०० घन सेंमी झालं. पीएलए या नेहमीच्या प्लास्टिक तारेच्या १ किलोच्या रिळात याहून जास्त, ८०० घन सेंमी माल असतो. त्यात भाग आकसणार, म्हणजे ३ किलोतून तयार स्टील साधारण ३३० घन सेंमी निघेल, वजनात अडीच किलोच्या थोडं वर. तेही सपोर्ट (छपाईपुरते आधार), ब्रिम (तळाची झालर) आणि फसलेले जॉब वजा न करता. किलोचा भाव लावताना हा हिशेब डोळ्यासमोर असू द्या.

छपाईत फारशी नाटकं नाहीत. नोझल २३० ते २५०, बेड ९० ते १०० अंश, वेग १५ ते ५० मिमी प्रति सेकंद, पंखा पूर्ण बंद. पितळी नोझल या पावडरीपुढे टिकत नाही, कडक केलेल्या स्टीलचं नोझल लावा. बेडला काच, त्यावर मॅगीगू प्रो मेटल किंवा डायमाफिक्ससारखा गोंद. ०.४ मिमी नोझलला ०.१५ किंवा ०.२ मिमीचा लेयर ठीक. तार चिवट आहे, पण तीव्र वळणावर मोडते, म्हणून रीळ प्रिंटरच्या वर नीट फिरेल असं टांगा. तार ढकलणाऱ्या गिअरचा दाब कमी ठेवा, दात रुतले की तार चपटी होते आणि पुढे नळीत अडकते. बाउडनवर (गिअर लांब, तार नळीतून जाते) चालते, तरी निवड असेल तर डायरेक्ट ड्राइव्हच (गिअर नोझलजवळच) घ्या.

दोन गोष्टी मात्र कडकपणे पाळायच्या. तापलेलं नोझल भरलेल्या अवस्थेत तसंच सोडून चहाला जायचं नाही. पॉलिअ‍ॅसिटल जास्त तापलं की फॉर्मल्डिहाइड सुटतो, डोळे चुरचुरतात. खोलीत हवा खेळती हवी, आणि काम संपलं की नोझल रिकामं करून थंड करायचं. दुसरी गोष्ट, आधीच्या जॉबचं पीएलए किंवा एबीएस नोझलमध्ये उरता कामा नये. ते आम्लाच्या वाफेला दाद देत नाही, भागात तसंच राहतं आणि भट्टीत जळताना पोकळी नाहीतर फोड सोडून जातं. सगळ्यात उत्तम म्हणजे या मालासाठी हॉटएंड (नोझलसह तापणारा भाग) वेगळाच ठेवावा.

इनफिल, म्हणजे भागाच्या पोटातला भराव, १०० टक्के, रेषांची दिशा दर थराला ४५ अंशांवर आलटून-पालटून, भिंत आणि इनफिल यांचा ओव्हरलॅप नेहमीपेक्षा जास्त, २० ते २५ टक्के. प्लास्टिकच्या जॉबमध्ये भिंत आणि इनफिलमध्ये केसभर फट राहिली तरी कुणी विचारत नाही. इथे सिंटरिंगमध्ये फक्त पावडरीच्या कणांमधल्या सूक्ष्म जागा बुजतात. दोन रेषांमधली ०.१ मिमीची फट तशीच राहते, फक्त थोडी लहान होते. बाहेरून चकचकीत दिसणारा पार्ट मग दोन बार हवेवर बुडबुडे सोडतो.

ही फट पकडायला सीटी स्कॅन लागत नाही, वजनकाटा पुरतो. हिशेबापुरतं समजा, तयार भाग ४० × ३० × २० मिमीचा भरीव ठोकळा हवा आहे. मोठा करून छापायचा तो ४७.९४ × ३५.९६ × २५.२२ मिमी. आकारमान ४३.५ घन सेंमी, गुणिले ५, म्हणजे ग्रीन पार्ट २१७ ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. मॉडेलचे थर पाडणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्लायसर, गुंतागुंतीच्या आकाराचंही आकारमान सांगतो, तेव्हा हा हिशेब कुठल्याही जॉबला लागू आहे. वजन अपेक्षेपेक्षा ३ टक्क्यांहून जास्त कमी भरलं तर तो भाग भट्टीला पाठवू नका. फ्लो वाढवा, पुन्हा छापा. या टप्प्याला जॉब फसला तर फक्त फिलामेंट जातं. पुढच्या टप्प्याला फसला तर फिलामेंट, भट्टीचं भाडं आणि वाहतूक तिन्ही जातात.

बेडवरून भाग काढताना पट्टीने ठोकू नका. थर एकमेकांना धरून असतात ते प्लास्टिकच्याच जोरावर, पावडर त्यात काही मदत करत नाही. बेड पूर्ण गार होऊ द्या, बहुतेक वेळा भाग आपोआप सुटतो. काढल्यावर सगळं सफाईकाम इथेच उरका. तंतू, शिवण, सपोर्टचे डाग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने सहज निघतात, तेच सिंटर झाल्यावर काढायला ग्राइंडर लागतो. धूळ मात्र धातूची असते, मास्क लावा आणि पेपर ओला करून घासा. कोपरा बेडवरून जरा जरी उचलला असेल तर तो जॉब बाद समजायचा. ग्रीन पार्टमधला बाक भट्टीत सरळ होत नाही, पक्का होतो.

आता आकसण्याचं गणित. एक्स आणि वायमध्ये ११९.८६ टक्के, झेडमध्ये १२६.१० टक्के एवढं मोठं छापायचं, हे कंपनीचे आकडे. कोल्हापूरच्या फाउंड्रीत पॅटर्न करणाऱ्याला कास्ट आयर्नला १ टक्का आणि स्टीलला २ टक्के सूट द्यायची सवय असते. इथे सरळ पाचवा-सहावा हिस्सा जातो. उंचीत जास्त जातं याचं कारण थरांमधल्या बारीक जागा आणि स्वतःचं वजन, दोन्ही खालच्या दिशेला दाबतात. हमखास होणारी चूक अशी: आधी स्केल करायचं आणि मग स्लायसरमध्ये भाग फिरवायचा. मग झेडचा आकडा आडव्या मापाला लागतो आणि भाग ५ टक्क्यांनी चुकतो. आधी भाग ज्या बाजूवर बसणार आहे त्या बाजूवर ठेवा, मगच स्केल लावा. भट्टीतही तो त्याच बाजूवर बसवायला सांगा.

हे आकडे सुरुवातीपुरते. भट्टी, भागाची जाडी, ट्रेवरची जागा यांनी माप थोडं हलतं. ४० मिमीवर एका टक्क्याचा फरक म्हणजे ०.४ मिमी, बेअरिंगच्या फिटपुढे हा फरक डोंगराएवढा. म्हणून पहिला नग मोजून त्यावरून स्वतःचे स्केल काढा. आणि ज्या पृष्ठभागाला माप लागतं तिथे ०.५ मिमी जादा माल ठेवून नंतर मशिनिंग करा. एम६चा आटा छापायच्या फंदात पडू नका. तयार मापात ४.५ मिमीचं भोक येईल असं छापा, ५ मिमीचा ड्रिल फिरवा, टॅप मारा. ३१६एल कामाने कडक होतं, तेव्हा ड्रिल धारदार, फीड सलग, कूलंट भरपूर. मध्ये थांबून ड्रिल नुसता घासत ठेवला तर भोकाचा तळ असा कडक होतो की टॅप तुटून आत राहतो.

डिबाइंडिंग १२० अंशांना, नायट्रोजनच्या प्रवाहात, ९८ टक्क्यांहून तीव्र नायट्रिक आम्लाच्या वाफेत होतं. आम्ल पॉलिअ‍ॅसिटल फोडून त्याचा फॉर्मल्डिहाइड वायू करतं, आणि तो बाहेर जाळून टाकावा लागतो. हे शेडच्या मागे बसवायचं यंत्र नाही. यूट्यूब बघून जुगाड करायचा विचार असेल तर सोडून द्या, इथे अंगाशी येणारी गोष्ट आम्लाची आहे. वजनात किमान १०.५ टक्के घट झाली म्हणजे डिबाइंडिंग पुरं झालं असं धरतात. हा आकडा भट्टीवाल्याकडून मागून घ्या. वाफ पृष्ठभागाकडून आत सरकत जाते, त्यामुळे जाडी वाढली की तास वाढतात. जाड ठोकळ्याच्या पोटात प्लास्टिक राहिलं, तर पुढे तापताना एकदम वायू होऊन फोड किंवा आडवे तडे देतं. भिंत १० मिमीच्या आत ठेवावी हे त्यासाठीच. भरीव ठोकळ्याच्या तळातून पोकळी काढून टाका, पण तिचं तोंड उघडं ठेवा. चहूबाजूंनी बंद पोकळीत वाफेला वाट नसते.

आम्लातून बाहेर आलेला ब्राऊन पार्ट चहात बुडवलेल्या बिस्किटाइतका नाजूक असतो. उरलेलं थोडंसं प्लास्टिक त्याला उभं धरून ठेवतं, एवढंच. म्हणून डिबाइंडिंग एका गावात आणि सिंटरिंग दुसऱ्या गावात, असा व्यवहार कुणी देऊ केला तर नकार द्या.

सिंटरिंगचा क्रम असा: मिनिटाला ५ अंशांनी ६०० पर्यंत, तिथे १ तास, त्यात राहिलेलं प्लास्टिक जातं. पुन्हा ५ अंशांनी १३८० पर्यंत, तिथे ३ तास, मग भट्टीतच थंड. नुसतं चढणं आणि थांबणं साडेआठ तासांचं, थंड होणं वेगळं. वायू शुद्ध, कोरडा हायड्रोजन, दवबिंदू उणे ४० अंशांखाली. ट्रे अ‍ॅल्युमिनाची, ९९.६ टक्के शुद्ध. इथे काटकसर चालत नाही. स्टेनलेसच्या प्रत्येक कणावर क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा असतो. तो हायड्रोजनने निघाला तरच कण एकमेकांना धरतात, वायू ओलसर असेल तर पापुद्रा राहतो आणि भाग सच्छिद्र होतो. नायट्रोजन भरलेल्या साध्या हीट ट्रीटमेंटच्या भट्टीत हे काम करून देतो म्हणणारे भेटतील. तापलेलं स्टेनलेस नायट्रोजन पिऊन घेतं, मजबुती वाढल्यासारखी दिसते पण गंजरोध घसरतो. कार्बन हा तिसरा धोका. ३१६एलमधला ‘एल’ म्हणजे कार्बन ०.०३ टक्क्याच्या आत. प्लास्टिकचा जळका कार्बन आत राहिला की ही मर्यादा ओलांडली जाते, कणांच्या सीमेवर क्रोमियम कार्बाइड साचतं, आणि मिठाच्या पाण्यात भाग काही दिवसांत तांबूस ठिपके दाखवू लागतो. केमिकल प्लांटला माल द्यायचा असेल तर तयार भागाचा कार्बन तपासून घ्याच. स्पेक्ट्रोच्या (ठिणगीवरून धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राच्या) एका ठिणगीचा खर्च फार नाही.

१३८० हा आकडाही समजून घ्या. ३१६एल वितळायला लागतं ते साधारण १३७५ ते १४०० अंशांना. म्हणजे भट्टीत भाग वितळण्याच्या उंबरठ्यावर तीन तास बसलेला असतो. या अवस्थेत त्याला स्वतःचं वजन पेलत नाही. आडवा निघालेला बारीक हात खाली झुकतो, उंच सुळका कलतो. उंची रुंदीच्या तिप्पटीहून जास्त नको. टी आकाराचा भाग उभा न ठेवता उलटा, चपट्या बाजूवर ठेवायचा. हात हवाच असेल तर त्याखाली त्याच फिलामेंटचा आधार छापायचा, म्हणजे दोघे बरोबरच आकसतात, आणि मध्ये अ‍ॅल्युमिनाची पावडर पसरायची, नाहीतर दोन्ही वेल्ड झाल्यासारखे चिकटतील. रुंद तळाच्या भागाची वेगळी तक्रार. आकसताना तळ ट्रेवर घासून अडतो, वरचा भाग मोकळेपणी आकसतो, आणि चौकोन खाली फाकतो. उपाय म्हणून भागाखाली त्याच मालाची पातळ पट्टी छापून ठेवतात, ट्रेशी झुंजणं तिच्या वाट्याला येतं.

एवढं सांभाळलं तर निघणारं स्टील खरोखर चांगलं असतं, हे मोकळेपणाने सांगायला हवं. कंपनीच्या तक्त्यात तयार भागाची घनता ७.८५, आडव्या छापलेल्या नमुन्याला तन्य ताकद ५६१ मेगापास्कल, यील्ड (कायमचं वाकायला लागण्याचा ताण) २५१, लांबण (तुटण्याआधीचा ताण्याने वाढलेला भाग) ५३ टक्के. उभ्या छापलेल्याला ५२१, २३४ आणि ३६. कडकपणा १२८ विकर्स. एमआयएमच्या ३१६एलसाठी अमेरिकेतल्या धातू-पावडर उद्योग संघटनेचं एमपीआयएफ ३५ हे मानक किमान ४५० ताकद, १४० यील्ड आणि ४० टक्के लांबण मागतं. उभ्या दिशेची लांबण सोडली तर सगळीकडे हा माल वर आहे. लेझरने पावडर वितळवून केलेल्या ३१६एलचं यील्ड याहून बरंच जास्त असतं, तेव्हा त्याच्याशी बरोबरी करू नये. आणि हे आकडे नीट छापलेल्या नमुन्यांचे आहेत. थरांच्या पायऱ्या आणि रेषांमधल्या फटी म्हणजे तडा सुरू व्हायच्या तयार जागा. वारंवार उलटसुलट ताण येणाऱ्या भागाला, लिफ्टिंगच्या हुकाला, दाबाच्या भांड्याला हा माल लावू नये.

मग लावायचा कुठे? पॅकेजिंग मशीनची बोटं, रोबोच्या ग्रिपरचे जबडे, वाकड्या मार्गाचे हवेचे किंवा पाण्याचे नोझल, मीटरचे छोटे हाऊसिंग, बंद पडलेल्या परदेशी मशीनचा एखादा विचित्र ब्रॅकेट. ६० मिमीच्या घनात बसणारे, भिंती ३ ते ८ मिमी, कोपरे गोल केलेले, नग एक ते वीस. याच्या बाहेरचं काम असेल तर दुसरा मार्ग स्वस्त पडतो. जो भाग व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) दोन सेटिंगमध्ये निघतो तो छापणं म्हणजे हौस. भोसरी किंवा चाकणमध्ये ३१६एलचा बार कापून संध्याकाळपर्यंत तो हातात मिळतो. ग्रीन पार्टचं मात्र छपाई, वाहतूक, भट्टीची पाळी, परत वाहतूक असं आठवड्यांत चालतं. भट्टीवाला एका नगासाठी भट्टी पेटवत नाही, ट्रे भरायची वाट बघतो. हाताच्या पंजापेक्षा मोठा भाग असेल तर लेझर प्रिंटिंगचं किंवा इन्व्हेस्टमेंट कास्टिंगचं कोटेशन मागवा. कडकपणा हवा असेल तर याच मालिकेतलं १७-४ पीएच बघा, ते सिंटरिंगनंतर एजिंगने (ठरावीक तापमानाला काही वेळ धरून) कडक करता येतं. ३१६एल कुठल्याही उष्णोपचाराने कडक होत नाही.

पर्याय म्हणून द व्हर्च्युअल फाउंड्रीचं फिलामेट हे फिलामेंट आहे. त्याला आम्ल लागत नाही, प्लास्टिक नुसत्या उष्णतेने जातं, आणि भाग मुशीत पावडरीत पुरून छोट्या भट्टीत करता येतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेला ते सोयीचं. पण मापाची खात्री आणि घनता या दोन्हींत अल्ट्राफ्यूज वरचढ, म्हणून गिऱ्हाइकाला द्यायच्या मालासाठी कौल अल्ट्राफ्यूजलाच.

भट्टीची सोय अमेरिकेत सरळ आहे. मॅटरहॅकर्ससारखे विक्रेते फिलामेंटबरोबर प्रक्रियेचं तिकीट विकतात, आणि भाग न्यू जर्सीच्या डीएसएच टेक्नॉलॉजीजकडे जातात. इथून तिकडे पाठवायचं तर कस्टम्सची कागदपत्रं आणि विमानभाडं मिळून स्टीलपेक्षा महाग. आपल्याकडचा शहाणा मार्ग म्हणजे कॅटॅलिटिक डिबाइंडिंग करणारा एमआयएम कारखाना गाठणं. त्याच्याकडे हीच रसायनं, याच भट्ट्या असतात. विचारायचं एवढंच: बाहेरचे भाग घेता का, डिबाइंडिंग आम्लाचं की सॉल्व्हंटचं, सिंटरिंगला हायड्रोजन की नायट्रोजन, कमीत कमी किती किलो. सॉल्व्हंट असं उत्तर आलं तर आभार मानून फोन ठेवा, त्याने पॉलिअ‍ॅसिटल जात नाही.

पुरवठ्याचंही तपासून घ्या. हा माल विकणारी फॉरवर्ड एएम २०२४ मध्ये बीएएसएफपासून वेगळी झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. त्यामुळे रीळ कधीच्या लॉटचं आहे, पुढचं रीळ मिळणार का आणि तिकीट अजून चालतं का, हे विक्रेत्याकडून लेखी घेतल्याशिवाय पैसे भरू नयेत. एखाद्या उत्पादनासाठी हा माल पक्का करणार असाल तर सगळ्या नगांना पुरेल एवढी रिळं एकाच लॉटची एकदम घ्या. लॉट बदलला की स्केलचे आकडे पुन्हा काढावे लागतात.